अडतीस हजारांचं एस्टिमेट

दुपारी दीड-दोनच्या सुमारास फोन येतो. सकाळी साध्या सर्व्हिसिंगला सोडलेली गाडी एव्हाना रॅम्पवर चढलेली असते आणि सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर मोठ्या अदबीने सांगतो, ‘‘सर, एस्टिमेट पाठवलंय. अप्रूव्हल द्या, म्हणजे काम चालू करतो.’’ व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पीडीएफच्या तळाशी आकडा असतो ३८ हजार. सहा-सात हजारांची तयारी ठेवलेला माणूस मग मुकाट्याने ‘ओके’ टाकतो, नाहीतर ‘सगळे चोर आहेत’ म्हणत गाडी सोडवून ओळखीच्या मिस्त्रीकडे नेतो. दोघांनीही वरची यादी वाचलेली नसते. आणि खरी गंमत यादीतच असते.

गैरसमज: एस्टिमेटमध्ये लिहिलंय म्हणजे ते काम आजच केलं पाहिजे.

वस्तुस्थिती अशी, की त्या यादीत तीन वेगळ्या जातीची कामं एकाखाली एक बसवलेली असतात. सुरक्षेची, पुढे ढकलता येणारी आणि निव्वळ सजावटीची. बेरीज मात्र एकच. सात-आठ वर्षं चाललेल्या एखाद्या पेट्रोल हॅचबॅकची यादी डोळ्यांसमोर आणा: पुढचे ब्रेक पॅड, दोन्ही डिस्क, लोअर आर्म, लिंक रॉड, बॅटरी, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग.

पहिल्या पाच ओळी मोजता किंवा दाखवता येतात. ब्रेक पॅडवरचं अस्तर नवं असताना साधारण दहा मिलिमीटर असतं आणि तीनच्या आसपास आलं की बदलायचं. डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेली असते. व्हर्नियर लावला की दोन मिनिटांत निकाल. पॅड बदलले म्हणून डिस्कही बदलायलाच हवी, असं नसतं. लोअर आर्मचं बुश फाटलंय की नाही, हे रॅम्पखाली उभं राहून पहार लावून हलवलं की डोळ्यांनी दिसतं. बॅटरीची लोड टेस्ट होते आणि तिची छापील पावती निघते. टायर बदलायला सांगितले असतील, तर खाचांमधल्या उंचवट्यांकडे पाहा. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, की टायर खरोखरच संपला. त्यापुढे घासाघीस करू नये.

शेवटच्या चार ओळींसाठी गाडीसोबत मिळालेलं मालकाचं पुस्तक काढावं. मागच्या पानांवर किती किलोमीटरला काय बदलायचं, काय तपासायचं याचा तक्ता असतो. इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्शन, कोटिंग ही कामं बहुतेक गाड्यांच्या तक्त्यात नसतातच. गाडी बनवणाऱ्यालाच ज्याची गरज वाटली नाही, त्याची अ‍ॅडव्हायजरला वाटते, कारण त्याला या कामांचं महिन्याचं टार्गेट असतं. थ्रॉटल बॉडी साफ करणं तक्रार असेल तर उपयोगी ठरतं. म्हणजे आयडलिंगला गाडी थरथरत असेल, बंद पडत असेल तर. तक्रार नसताना कशाला?

उलट बाजूही आहे. काही ‘जादा’ कामं खरोखर शहाणपणाची असतात. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. मग प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदललेलं बरं, नाहीतर सहा महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा. एसीच्या कूलिंग कॉइलसाठी डॅशबोर्ड खोलतात, तिथेही हाच हिशोब.

म्हणून उत्तर ‘ओके’ असं देऊ नये. ‘ओळ १, ३ आणि ५ करा, बाकीचं नको, जुने पार्ट डिकीत ठेवा’ असं लेखी पाठवावं. जुना पार्ट परत मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या यादीतून एखादी ओळ आपोआप गळते, असा अनेकांचा अनुभव आहे.

गैरसमज: स्कॅनरने दाखवलं म्हणजे तोच पार्ट गेला.

मीटरवर पिवळा दिवा लागला, स्कॅनर जोडला, कोड आला आणि त्यावरून थेट पार्टची ऑर्डर. महागडी एस्टिमेटं जन्मतात ती बरेचदा इथे. स्कॅनरचा कोड म्हणजे थर्मामीटरचा आकडा: ताप आहे एवढं कळतं, कशाने आला ते नाही. पी०४२० हा कोड घ्या. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली गेली, एवढाच त्याचा अर्थ. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात, त्यामुळे तो बदलायचा म्हटलं की आकडा पाच अंकी होतो. पण हाच कोड ऑक्सिजन सेन्सर आळसावल्यामुळे येतो, सायलेन्सरच्या जोडात गळती असली तरी येतो. पी०३०० म्हणजे मिसफायर. कारण स्पार्क प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल किंवा हवा ओढणारा फुटका पाइप.

तेव्हा विचारायचं ते एवढंच: ‘‘कोड कुठला आला आणि हाच पार्ट खराब आहे हे कसं तपासलंत?’’ कॉइल एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर बदलून पाहिली, व्होल्टेज मोजलं, गळतीची चाचणी केली, असं ठोस उत्तर आलं तर माणूस काम जाणतो. ‘‘बदलून बघू’’ असं उत्तर आलं, तर ते बघणं आपल्या पैशाने चाललंय.

गैरसमज: बाहेर हात लावला की वॉरंटी गेली.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्ध मोठा निकाल दिला आणि एकूण २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना न मिळू देऊन कंपन्या गिऱ्हाइकाला बांधून ठेवतात, हा मुख्य ठपका. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असंही आयोगाने म्हटलं. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या, हेही सांगायला हवं. त्यामुळे हा निकाल काउंटरवर आपटला की काम फत्ते, असं समजू नये. वॉरंटीच्या काळात ठरलेली सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी करणंच सोयीचं. पण बाहेरून टायर किंवा बॅटरी घेतली म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी संपली, असं कुणी सांगितलं, तर ते लेखी मागावं. बहुधा मिळत नाही.

वॉरंटी नुकतीच संपली असेल आणि मोठा पार्ट गेला असेल, तर आणखी एक दार असतं. सर्व्हिसिंगची नोंद सलग असेल, तर डीलरमार्फत कंपनीकडे ‘गुडविल’साठी विनंती करता येते आणि कंपनी कधी कधी पार्टच्या खर्चाचा वाटा उचलते. डीलर आपणहून हे क्वचितच सुचवतो. चेसिस नंबरवरून रिकॉलही तपासावा. रिकॉलमधलं काम फुकट होतं.

गैरसमज: ओरिजिनल पार्ट फक्त शोरूमला मिळतो.

गाडीची कंपनी ब्रेक पॅड, हेडलाइट, फिल्टर, इंजेक्टर यांतलं फारसं स्वतः बनवत नाही. बॉश, लुमॅक्स, व्हॅलिओ यांसारखे पुरवठादार ते बनवतात. बॉशच्या नाशिकच्या कारखान्यात इंजेक्टर बनतात. असे कितीतरी पार्ट पुरवठादाराच्या स्वतःच्या खोक्यात बाजारात येतात, बहुतेकदा स्वस्त. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला चौकशी केली तर फरक कळतो. बनावट मालही अशाच बाजारांत मिसळतो, म्हणून पक्कं बिल घ्यावं. एअरबॅग, स्टीअरिंग आणि कॅमेरा-रडारवर चालणाऱ्या यंत्रणांची कामं मात्र मी अधिकृत ठिकाणीच करीन.

किमतीचं म्हणाल, तर खोकाबंद पार्टवर सर्व करांसह एमआरपी छापलेली असते. मूळ किंमत अधिक जीएसटी अशी बेरीज तिच्यापुढे जाता कामा नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. कुठे २८ दिसला तर बोट ठेवा. सवलत मागायची ती मजुरीवर, तिथे जागा असते.

गैरसमज: विमा आहे, एस्टिमेट कितीही होऊ दे.

साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मा घसारा कापतात. काचेवर शून्य. धातूच्या भागांवर वयानुसार: चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४०. म्हणजे साडेचार वर्षांच्या गाडीचा १२ हजारांचा बंपर आणि २० हजारांचा दरवाजा बदलला, तर ६ आणि ७ मिळून १३ हजार आपल्या खिशातून. वर सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंत हजार रुपये. झिरो डेप असेल तर घसाऱ्याचं दुखणं टळतं.

पण नो क्लेम बोनसचं टळत नाही. समजा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता १० हजार आहे आणि बोनस ५० टक्क्यांवर पोचलाय. एक क्लेम केला की पुढच्या वर्षी बोनस शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असा पुन्हा चढ. हप्ता तेवढाच राहील असं धरलं, तर पाच वर्षांत जादा गेले ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५००, एकूण साडेबारा हजार. नऊ हजारांच्या बंपरसाठी क्लेम करणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार, पण वर्कशॉप क्लेमच सुचवतं.

पावसाळ्यातली गोष्ट वेगळीच. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून चालू करायला गेलं की पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिनचं असं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा नाकारतात, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. अशा वेळी किल्लीला हात न लावता गाडी टो करावी.

गैरसमज: बिल पटलं नाही तर पैसे न देता गाडी नेता येते.

येत नाही. १८७२च्या करार कायद्याच्या कलम १७० नुसार, ज्याने वस्तूवर कसबाचं काम केलं तो मोबदला मिळेपर्यंत ती अडवून ठेवू शकतो. भांडण असेल तर ते बिल भरण्याआधी लेखी नोंदवावं, ‘हरकत राखून’ असं लिहून पैसे भरावेत आणि गाडी घेऊन यावं. डीलर हा स्वतंत्र व्यापारी असतो, तेव्हा आधी कंपनीच्या ग्राहक विभागाकडे ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही निभलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. तिथे कामाला येतात जॉब कार्ड, अप्रूव्हलचा तो लेखी मेसेज आणि डिकीत ठेवायला सांगितलेले जुने पार्ट.