औषध चिकटते कुठे, सुटते कुठे?

मध्यंतरी एक काका दवाखान्यात आले. लघवीतल्या जंतुसंसर्गासाठी मी त्यांना सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या दिल्या होत्या. तीन दिवस झाले तरी जळजळ कायम, तापही उतरेना. "डॉक्टर, एकही गोळी चुकवली नाही," काका म्हणाले. मी औषध बदलण्याच्या विचारात होतो. सहज विचारले, "गोळी कशाबरोबर घेता?" तेव्हा उलगडा झाला. पोटात आग पडते म्हणून ते गोळीपाठोपाठ आम्लपित्ताचे पातळ औषध घेत होते. खरे तर हे मी आधीच विचारायला हवे होते.

या पातळ औषधात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते सिप्रोफ्लॉक्सासिनला चिमट्यात धरल्यासारखे पकडून ठेवतात. मग औषध आतड्यातून रक्तात फारसे जातच नाही, शौचावाटे निघून जाते.

गंमत अशी, की खनिजांच्या याच चिकटपणाचा उपयोग करून घेण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञ करीत आहेत. वाळूतला सिलिका किंवा आपल्या हाडांतले कॅल्शियम फॉस्फेट यांचे अतिसूक्ष्म कण करून त्यांवर औषध चढवायचे. हे कण नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सच्छिद्र सिलिकाच्या एक ग्रॅम भुकटीचे पृष्ठफळ, छिद्रांच्या आतले धरून, सुमारे १००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास दहा गुंठे भरू शकते! औषधाला बसायला एवढी जागा.

किती औषध बसले, हे कसे कळते? भुकटी औषधाच्या द्रावणात ढवळतात, मग गाळून द्रावणात किती उरले ते मोजतात. जेवढे घटले, तेवढे चिकटले. पण खरी परीक्षा पुढेच असते. ते सुटते केव्हा? माद्रिदच्या मारिया व्हालेत-रेखी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली अशा सिलिकात आयबुप्रोफेन भरून ते हळूहळू सुटते, असे दाखवले. कॅल्शियम फॉस्फेट आम्लात विरघळते. कर्करोगाच्या गाठीत आम्लता थोडी जास्त असते, म्हणून औषध तिथेच सुटावे, असाही प्रयत्न आहे. हे काम अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे.

आपण मात्र आजच एवढे करावे. सिप्रोफ्लॉक्सासिन आम्लपित्ताच्या अशा औषधाच्या किमान २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावे. नुसत्या दुधाबरोबर किंवा दह्याबरोबर घेऊ नये. थायरॉईडची गोळी आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी यांत ४ तासांचे अंतर ठेवावे. आणि डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधे पिशवीत घालून न्यावीत.

काकांच्या गोळ्या मी बदलल्या नाहीत, फक्त वेळ बदलली. दोन-तीन दिवसांत ताप उतरला.