शुद्ध आहाराचा ध्यास जडतो तेव्हा

मधुमेही व्यक्तीने साखर टाळावी, ज्याला गव्हातील ग्लुटेन सोसत नाही त्याने चपाती वर्ज्य करावी, याविषयी दुमत नाही. मात्र कोणताही आजार नसताना नोकरदार माणसे ताटातून एकेक पदार्थ हद्दपार करीत जातात, तेव्हा ती निव्वळ काळजी राहत नाही. अमेरिकन डॉक्टर स्टीव्हन ब्रॅटमन यांनी १९९७ साली या ध्यासाला ‘ऑर्थोरेक्सिया’ हे नाव दिले. ‘ऑर्थोस’ म्हणजे योग्य आणि ‘ओरेक्सिस’ म्हणजे भूक, या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनले आहे.

ब्रॅटमन स्वतः या अनुभवातून गेले होते. १९७० च्या दशकात ते न्यूयॉर्क राज्यातील एका सामूहिक वसाहतीत स्वयंपाक व सेंद्रिय शेती करीत असत. खुडून पंधरा मिनिटे उलटलेली भाजी ते खात नसत, प्रत्येक घास पन्नास वेळा चावत आणि जेवत एकटेच. त्यांना यातून सोडविण्यात बेनेडिक्टाइन संन्यासी बंधू डेव्हिड स्टाइंडल-रास्ट यांचा मोठा वाटा होता. अन्न वाया घालविणे हा देवाचा अपराध होय, असे सांगून बंधूंनी त्यांना एका चिनी उपाहारगृहात ताट संपवायला लावले, आणि वर आइस्क्रीमही! (धर्मगुरुकुलात आम्हांलाही ताटात टाकण्याची मुभा नव्हती.)

वजन घटविण्याच्या वेडात प्रश्न ‘किती’ हा असतो; येथे तो ‘किती शुद्ध’ हा असतो. कार्यालयातील सहकाऱ्याच्या वाढदिवसाचा केक नाकारणे क्षुल्लक आहे. परंतु लग्नघरी स्वतःचा डबा नेणे, पाकिटांवरील मजकूर वाचण्यात संध्याकाळ घालविणे, एक घास ‘चुकला’ म्हणून दिवसभर अपराधी वाटणे आणि अखेरीस आमंत्रणेच टाळणे, ही लक्षणे गंभीर समजावीत. राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार या दिवशीचा आपला उपवास तो दिवस संपताच संपतो. या उपवासाला मात्र पुनरुत्थान रविवार नसतो.

अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ साली काढलेल्या डीएसएम-५ या वर्गीकरणात ऑर्थोरेक्सियाला स्वतंत्र स्थान नाही. त्यामुळे डॉक्टरांना केवळ नाव न सांगता काय काय खाणे बंद झाले, वजन किती उतरले, जेवताना भीती वाटते काय, हे सविस्तर सांगावे. गरज भासल्यास ते रक्ततपासणी करून समुपदेशकाकडे पाठवतील. घरच्यांनी थट्टा वा सक्ती करू नये. सोडलेला एखादाच पदार्थ, सर्वांसमवेत बसून, पुन्हा सुरू करता येतो.