ओळखीची लेखिका, अनोळखी प्रेम

जॉर्जेट हेयर यांची 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट' ही कादंबरी 1961 मध्ये इंग्लंडमध्ये आली आणि तिने त्यांच्या वाचकांचे दोन तट पाडले. साठहून अधिक वर्षं उलटली तरी ते तट कायम आहेत. एका बाजूला हीच हेयर यांची सर्वांत परिपक्व कादंबरी मानणारे वाचक आहेत. दुसऱ्या बाजूला त्यांच्या बाकीच्या पुस्तकांची पारायणं करणारे, पण हे एक पुस्तक एकदा वाचून कायमचं मिटून ठेवणारे. दोन्हीकडची मंडळी जुनी, निष्ठावंत आणि हेयर यांच्या लेखनाची खोड न् खोड जाणणारी. प्रेमकथा लिहिणाऱ्या लेखिकेने वाट बदलली की असं व्हायचंच, असं म्हणून सहसा हा विषय संपवला जातो. या वाचकांना तेच ते हवं असतं, नवं काही दिलं की ते बिथरतात, हे त्यामागचं गृहीतक. मला ते गृहीतकच चुकीचं वाटतं. प्रेमकथेच्या वाचकाला बदलाची भीती नसते. लेखिकेने नेमकी कुठली गोष्ट बदलली याची मात्र त्याला फार बारीक जाण असते आणि मतभेद उगवतात ते त्या जाणिवेतून. हेयर यांची कारकीर्द याचा मोठा बोलका पुरावा आहे.

हेयर यांचा जन्म 1902 चा, विम्बल्डनचा. आजारी भावाचं मन रमावं म्हणून सतराव्या वर्षी रचलेली त्यांची गोष्ट 1921 मध्ये 'द ब्लॅक मॉथ' या नावाने छापली गेली. 1926 मध्ये 'दीज ओल्ड शेड्स' निघाली तेव्हा ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप चालू होता. ना वर्तमानपत्रांत जाहिरात, ना परीक्षण. तरी तिच्या 1,90,000 प्रती खपल्या. प्रसिद्धीवाचून पुस्तक चालतं अशी खूणगाठ हेयर यांनी तेव्हाच बांधली आणि पुढे 1974 मध्ये मृत्यू येईपर्यंत मुलाखती दिल्या नाहीत. म्हणजे वाचकांशी त्यांचं नातं जुळलं ते निव्वळ पुस्तकांतून. त्या पुस्तकांत वाचकाला काय मिळे? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचं लंडन, तिथल्या नृत्यसभा आणि घोडागाड्या; सगळ्याचा कंटाळा आलेला, तिखट जिभेचा खानदानी नायक; त्याला शब्दाला शब्द देणारी नायिका; वेषांतरं, पळून जाणं, गैरसमज, आणि हे सगळे पीळ शेवटच्या काही पानांत मोकळे होताना मिळणारा निखळ आनंद. 'रीजन्सी रोमान्स' म्हणून आज जो प्रकार ओळखला जातो त्याचा साचा मुख्यतः हेयर यांनी घडवला. या आनंदाला हलकं समजू नये. हेयर यांनी वाचकांच्या पत्रांपैकी एक जपून ठेवलं होतं. ते रुमानियातल्या एका राजकीय कैदी बाईचं होतं. बारा वर्षांच्या तुरुंगवासात 'फ्रायडेज चाइल्ड' या कादंबरीची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून तिने सोबतच्या कैद्यांचा धीर टिकवला होता.

अशा लेखिकेने एकाच मळलेल्या वाटेवर जन्म काढला असेल असं वाटतं. प्रत्यक्षात हेयर सतत वाट बदलत होत्या. सुरुवातीची पुस्तकं अठराव्या शतकातली, तलवारबाजीची. 1935 च्या 'रीजन्सी बक'पासून काळ बदलला आणि साहसाची जागा सामाजिक विनोदाने घेतली. 1932 पासून त्यांनी रहस्यकथा लिहिल्या, त्या एकंदर बारा झाल्या. त्यांतल्या कित्येकींची कथानकं त्यांचे पती रोनाल्ड रूजिए पुरवत. 1937 च्या 'अॅन इन्फेमस आर्मी'त तर प्रेमकथा अर्ध्या वाटेत बाजूला पडते आणि वॉटर्लूची लढाई पानंच्या पानं व्यापते. तोफा कुठे होत्या, कुठली पलटण कधी पुढे सरकली, सगळा तपशील इतका काटेकोर की लष्करी इतिहासाच्या जाणकारांनीही तिची वाखाणणी केली. वाचकांनी हे सगळं पचवलं. काळ बदलला, प्रकार बदलला, युद्ध आलं, खून आले, तरी ते सोबत राहिले. 'त्यांना तेच ते हवं असतं' हे म्हणणं इथेच लंगडं पडतं. मग 1961 मध्येच एवढं काय बिघडलं?

'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट'चा नायक अॅडम डेव्हरिल हा नेपोलियनविरुद्धच्या लढायांमधला जखमी, लंगडणारा अधिकारी. वडील अचानक वारतात आणि सरदारकीबरोबर कर्जाचा डोंगर त्याच्या वाट्याला येतो. ज्युलिया या अतिशय सुंदर मुलीवर त्याचं प्रेम आहे, तिचंही त्याच्यावर. पण पिढीजात घर वाचवायचं तर पैसा हवा. म्हणून तो चॉली नावाच्या गडगंज व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न करतो. ही जेनी बुटकी, स्थूल, लाजरी, चारचौघींत उठून न दिसणारी. ती ज्युलियाची शाळेतली मैत्रीण आहे आणि कुणाला कळू न देता अॅडमवर आधीपासून प्रेम करते आहे. हेयर यांचे सराईत वाचक इथवर येऊन मनाशी अंदाज बांधतात. जेनी हळूहळू खुलेल, अॅडमचे डोळे उघडतील, एखाद्या मोठ्या प्रसंगात तो तिला जवळ घेऊन आपलं खरं प्रेम हिच्यावरच होतं असं सांगेल. यातलं जवळजवळ काहीच घडत नाही. जेनी स्थूलच राहते. ती अॅडमच्या जेवणाखाण्याकडे लक्ष देते, घर नीट लावते, दणक्यात भेटी देणाऱ्या आपल्या बापाला आवर घालते, मुलाला जन्म देते. अॅडमला तिच्याविना करमेनासं होतं. ज्युलियाशी संसार आपल्याला झेपला नसता हेही त्याला उमगतं. पण पहिल्या प्रेमात होती ती धग त्याच्या या नात्यात येत नाही, आणि जेनीला हे ठाऊक आहे. कादंबरीतला सर्वांत श्वास रोखायला लावणारा प्रसंग प्रेमाचा नाहीच. वॉटर्लूच्या लढाईच्या वेळी सेनापती वेलिंग्टन हरल्याच्या अफवेने लंडनच्या शेअर बाजारात घबराट माजते. सासरा सगळं विकून टाक म्हणत असताना अॅडम आपल्या जुन्या सेनापतीवर भरवसा ठेवून सरकारी रोखे विकत घेतो आणि त्यातून सासऱ्याच्या पैशाच्या ओझ्याखालून सुटतो. उत्कंठेचा कळस हेयर यांनी रोख्यांच्या व्यवहारावर चढवला आणि प्रेम मात्र रोजच्या घरव्यवहारात ठेवलं.

बदल झाला तो इथे. काळ तोच होता, समाज तोच, विनोदही होता. चॉलीसारखं एकाच वेळी हसू आणणारं आणि काळजाला भिडणारं पात्र हेयर यांनी फारसं दुसरं लिहिलेलं नाही. पण प्रेम म्हणजे काय, या प्रश्नाचं उत्तर बदललं. हेच उत्तर प्रेमकथेचा गाभा असतं. अमेरिकेतल्या अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी मध्य-पश्चिम भागातल्या एका गावातल्या प्रेमकथा वाचणाऱ्या स्त्रियांशी सविस्तर बोलून 1984 मध्ये 'रीडिंग द रोमान्स' हे पुस्तक लिहिलं. त्या स्त्रियांना सुखान्त तर हवाच होता, इतका की काही जणी विकत घेण्याआधी शेवटची पानं चाळून खात्री करून घेत. पण तेवढ्यावर त्यांचं समाधान होत नव्हतं. नायकाने नायिकेला, ती जशी आहे तशी, मनापासून ओळखावं आणि जपावं, ही त्यांची खरी अपेक्षा होती. दिवसभर घरातल्या सगळ्यांची काळजी घेणाऱ्या या बायकांना निदान पुस्तकात तरी आपली काळजी घेतली जाण्याचा अनुभव हवा होता. हा अभ्यास हेयर यांच्या वाचकांचा नाही, काळही वेगळा. तरी त्याच्या उजेडात जेनीकडे पाहिलं की नाराज वाचकांचं दुखणं चटकन कळतं. काळजी घेते ती जेनी. पुस्तक उघडताना ज्या ओझ्यापासून थोडी सुटका हवी होती, तेच ओझं नायिकेच्या डोक्यावर दिसतं.

म्हणून या वाचकांना परीकथेचा हट्ट धरणारे म्हणून उडवून लावणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांचा आक्षेप नैतिक आहे आणि तो वजनदार आहे. सुंदर मुलींना धगधगतं प्रेम मिळावं आणि साध्या दिसणाऱ्या मुलीने तिच्या वाट्याला आलेल्या ऊबदार सवयीवर समाधान मानावं, ही वाटणी कुणी ठरवली? प्रेमकथा हा साहित्यातला असा प्रांत आहे जिथे चारचौघींत न दिसणारी मुलगीसुद्धा कुणाची तरी पहिली निवड ठरू शकते. तिथेही तिची निवड बापाच्या पैशासाठी व्हावी आणि नवऱ्याला तिची किंमत उशिरा कळावी, याचा राग येणारा वाचक नीट वाचतो आहे.

तरीही माझं मत पुस्तकाच्या बाजूने पडतं. हेयर यांनी जवळजवळ सगळी गोष्ट अॅडमच्या नजरेतून दाखवली आहे आणि त्याचं जेनीकडे फारसं लक्ष नाही. त्यामुळे तिचं मन वाचकाला थेट कुणी सांगत नाही. तिने काय केलं, काय बोलायचं टाळलं, कुठल्या क्षणी पटकन विषय बदलला, यावरून ते ओळखावं लागतं. खटकेबाज संवादांच्या ओढीने भरभर पुढे जाणाऱ्याच्या हातून हे निसटतं. सावकाश वाचणाऱ्याला मात्र नवऱ्याच्याही आधी जेनी कळू लागते, आणि अॅडमकडून तिला जे मिळत नाही ते लक्ष वाचक तिला देऊ लागतो. लग्न आधी ठरावं, व्यवहार पाहून ठरावं आणि माणूस नंतर कळावा, हा क्रम आपल्याकडच्या वाचकाला तर अजिबात परका नाही. अशा संसारांत जे हळूहळू रुजतं त्याला प्रेम म्हणावं की नाही, यावर कुठल्याही दोन घरांत दोन उत्तरं मिळतील. हेयर यांच्या वाचकांतही तीच मिळाली.

लेखिकेने वाट बदलण्याच्या या प्रश्नावर एक व्यवहारी सल्ला नेहमी दिला जातो. वेगळं लिहायचं तर वेगळ्या नावाने लिहावं, म्हणजे कुणाची फसवणूक होत नाही. हा मार्ग अनेकींनी यशस्वीपणे वापरला आहे. अॅगाथा ख्रिस्ती यांनी 1930 पासून मेरी वेस्टमॅकॉट या नावाने सहा कादंबऱ्या लिहिल्या. एलिनॉर हिबर्ट राजघराण्यांच्या कथा जीन प्लेडी म्हणून लिहीत आणि गूढ प्रेमकथा व्हिक्टोरिया होल्ट म्हणून. अमेरिकेत नोरा रॉबर्ट्स यांनी 1995 मध्ये जे. डी. रॉब या नावाने भविष्यकाळातल्या पोलिसकथा सुरू केल्या. प्रकारच बदलणार असेल तर हे उत्तम. दुकानात कुठल्या फळीपाशी जायचं ते वाचकाला कळतं. हेयर यांनीही 1923 मध्ये एक पुस्तक स्टेला मार्टिन या नावाने काढलं होतं. पण 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट' अनोळखी नावाने आली असती तर तिचा अर्धा अर्थ हरवला असता. पाऊणशे पानांनंतर जेनीचं रूप पालटेल अशी आशा वाचकाच्या मनात उगवते, कारण आधीच्या डझनावारी पुस्तकांनी ती तिथे पेरलेली आहे. ती आशा मोडत जाणं हाच या कादंबरीचा अनुभव आहे. अॅडमला आपल्या स्वप्नातल्या प्रेमाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, आणि वाचकाला हेयर यांच्या आधीच्या सगळ्या प्रेमकथांचा.

म्हणजे नवं ते सगळं चांगलं, असं मात्र नाही. 1942 ची 'पेनहॅलो' ही काळोखी कादंबरी आधीच्या रहस्यकथांपेक्षा अगदी वेगळी. खून कुणी केला हे वाचकाला आधीच कळतं. अमेरिकेतल्या प्रकाशकाला ती रुचली नाही आणि त्यांचे संबंध तुटले. मध्ययुगातल्या लँकेस्टर घराण्यावरची कादंबरी तर हेयर यांना स्वतःचं खरं, गंभीर काम वाटे. कर भरण्यासाठी मध्येच प्रेमकथा लिहाव्या लागल्याने ती पुनःपुन्हा मागे पडली आणि अपुरीच 'माय लॉर्ड जॉन' या नावाने मृत्यूनंतर, 1975 मध्ये, प्रसिद्ध झाली. तिच्यात अभ्यास अफाट आहे, पण इतिहासाच्या दाटीत माणसं हरवतात. लेखिकेची महत्त्वाकांक्षा ही काही गुणवत्तेची हमी नसते, आणि अशा पुस्तकापुढे थकलेल्या वाचकाला रसिकतेचे धडे देण्यात अर्थ नाही. 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट' मात्र प्रेमकथेतून बाहेर पडायचा प्रयत्न करत नाही. ती आतच राहून भिंती सरकवते. टीकाकारांचं लक्ष हेयर यांच्याकडे उशिरा गेलं, ए. एस. बायट यांनी 1969 मध्ये लोक समजतात त्याहून त्या चांगल्या कादंबरीकार आहेत असं ठणकावणारा लेख लिहिला. त्यांच्या पुस्तकांवरून खरा वाद घालत आले ते सामान्य वाचकच.

या वादाला आणखी एक बाजू आहे आणि ती क्वचितच कुणी लक्षात घेते. 1965 मध्ये हेयर यांची 'फ्रेडरिका' आली आणि तिच्यावर दोन्ही तटांतल्या वाचकांनी प्रेम केलं. वरवर पाहता सगळं जुनंच आहे. कंटाळलेला उमराव, हजरजबाबी नायिका, भरपूर गंमत. पण हा उमराव प्रेमात पडतो तो नृत्यसभेत डोळ्याला डोळा भिडून नव्हे. नायिकेच्या धाकट्या भावंडांच्या उपद्व्यापांत तो गुरफटतो, त्यांच्या अनावर कुत्र्याने ओढवलेली भांडणं निस्तरतो, आणि आकाशात उडणाऱ्या फुग्याला लोंबकळून आजारी पडलेल्या पोराच्या उशाशी बसतो. नायिकेला तर आपलं मन कळायला पुस्तकाचा शेवट यावा लागतो. सोबतीतून, कामातून, एकमेकांच्या उपयोगी पडण्यातून उगवणारं हे प्रेम चार वर्षांपूर्वी जेनीच्या घरात होतं तेच आहे. फक्त या वेळी काळजी घेण्याचं काम नायकाकडे आलं आहे, आणि जेनीच्या वाट्याला जे आलं नाही त्यावरून रागावलेल्या वाचकांना ते इथे पुरेपूर मिळालं.