भोपाळनंतरची फुंकर

हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या रस्त्याने रात्री जाताना कधीकधी गाडीच्या काचा बंद असल्या तरी रसायनांचा दर्प आत येतो. तो आला की मला भोपाळ आठवते, आणि एक जुना प्रश्नही: वायूने श्वासनलिकांना झालेली इजा नेमकी कोणत्या चाचणीत दिसते?

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. त्यानंतर परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांच्या पथकाने ११३ बाधितांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. त्यांना एकदा तपासून सोडून दिले नाही, पुन्हापुन्हा फुंकायला लावले. मला या कामाचे मोल त्यातच वाटते.

त्यांचे मुख्य साधन स्पायरोमेट्री. छाती भरून श्वास घ्यायचा, नळीत जोरात फुंकायचे. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती, हे मोजायचे. दम्यात ही चाचणी भरवशाची आहे. पण दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्या इतक्या असंख्य असतात की त्यांतल्या बऱ्याच बुजल्या तरी एकूण अडथळा फारसा वाढत नाही. १९७० मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ जेरे मीड यांनी या भागाला फुप्फुसाचा ‘मूक प्रदेश’ म्हटले. वायूची इजा तिथे दडून राहू शकते. जानेवारी १९९४ मध्ये पॉल कलिनन आणि सहकाऱ्यांनी भोपाळमध्ये फुंकरीच्या मधल्या टप्प्याचा वेगही मोजला. बारीक नळ्यांतला अडथळा टिकून असल्याचे त्यांनी १९९७ मध्ये मांडले. मात्र हा वेग निरोगी माणसांतही फार वरखाली होतो. समूहाबद्दल तो काही सांगतो, एकट्या माणसाचा निवाडा त्यावर करता येत नाही.

ऑसिलोमेट्री ही दुसरी चाचणी; तिच्यात जोर लावावाच लागत नाही. माणूस शांतपणे श्वास घेत राहतो, यंत्र त्या श्वासात दाबाच्या लहरी सोडते. ५ हर्ट्झची लहर खोलवर जाते, २० हर्ट्झची मोठ्या नळ्यांपाशीच अडते. दोन्हींना होणाऱ्या अडथळ्यातला फरक बारीक नळ्यांची खबर देतो. न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले तेव्हा धूळ छातीत गेलेल्या, पण स्पायरोमेट्री नॉर्मल आलेल्या लोकांत या चाचणीने बिघाड दाखवला. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. फुंकताना खोकल्याची उबळ येणाऱ्यालाही ही चाचणी जमते. माझा कल तिच्याकडे आहे.

तरी यंत्रापेक्षा मोठी उणीव वेगळीच: आधीच्या आकड्यांची. अपेक्षित क्षमतेच्या ११० टक्के फुंकणारा कामगार ८५ वर घसरला, तर त्याची जवळजवळ पाव ताकद गेली. पण कागदावर तो ‘नॉर्मल’च. भोपाळमधल्या लोकांचे आधीचे आकडे नव्हते, म्हणून वय, लिंग आणि उंचीच्या सूत्रांवर भागवावे लागले. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात आलेल्या ४१-सी कलमाने धोकादायक कामावर नेमण्याआधी, आणि नंतर किमान वर्षातून एकदा, वैद्यकीय तपासणी सक्तीची केली. पण पाटणचेरू, जीडिमेटला अशा औद्योगिक वसाहतींतला कंत्राटी कामगार आज या गेटवर, उद्या त्या. पहिल्या दिवसाच्या फुंकरीचा आलेख कंपनीच्या फायलीत राहतो आणि माणूस पुढे जातो. त्या आलेखाची एक प्रत त्याच्या घरच्या पेटीत, रेशनकार्डाशेजारी असायला हवी.