आपाचे कोरडे डोळे

सिल्लोडच्या बाजारात मिरची यायला लागली की अर्ध्या गावाचे डोळे चुरचुरतात. माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आपाचे डोळे मात्र बारा महिने चुरचुरायचे. वाळू गेल्यासारखं वाटतं, म्हणायची. आम्ही म्हणायचो, मिरची. पुढं म्हणायला लागलो, वय. कुणी थेंब दिले, कुणी चष्म्याचा नंबर बदलला. यात सहा वर्षं गेली. मधेच अम्मी वारली. मय्यत उठली तेव्हा साऱ्या बायका रडत होत्या आणि आपा भिंतीला टेकून कोरडीच बसलेली. ‘पोटच्या लेकीला आसू येत नाहीत,’ हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. माझ्या कवितांतून डोळ्यांतलं पाणी काढलं तर फारसं काही उरायचं नाही, पण मलाही तेव्हा काही कळलं नाही.

उलगडा झाला तो एका साध्या प्रश्नानं. शहरातल्या एका नेत्रतज्ज्ञ बाईंनी विचारलं, “भाकरीचा घास पाण्याशिवाय गिळता येतो का?” आपा म्हणाली, “नाही. रोजेही आता झेपत नाहीत.” दात किडत होते, बोटांचे सांधे दुखत होते. ते तिनं डोळ्यांच्या डॉक्टरांना कशाला सांगावं?

बाईंनी शोषक कागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवली. पाच मिनिटांत ती ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर अश्रू फार कमी आहेत असं धरतात. शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९०३ साली सांगितलेली ही तपासणी आजही चालते. पण डोळा कोरडा आहे एवढंच पट्टी सांगते. का कोरडा, ते सांगत नाही. वय, तासन्‌तास मोबाइल, काही औषधं यांनीही डोळे कोरडे होतात, आणि बहुतेकांचं कारण तेच असतं.

आपाचं निराळं होतं. कोविडच्या काळात अँटीबॉडी हा शब्द घराघरांत पोचला. मराठीत प्रतिपिंडं. ती शरीराची राखण करतात. काहींच्या शरीरात हा राखणदार शेतात शिरलेलं जनावर सोडून मालकालाच काठी मारतो. अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर असा हल्ला झाला की होणाऱ्या आजाराला शोग्रेन म्हणतात. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञानं १९३३ साली १९ स्त्रियांवर प्रबंध लिहिला होता. आजही या आजाराचे बहुतेक रुग्ण स्त्रियाच असतात. टेनिसपटू व्हीनस विल्यम्सनं आपल्याला हा आजार असल्याचं २०११ मध्ये जाहीर केलं होतं.

रक्तात शोधायचं मुख्य प्रतिपिंड म्हणजे ‘अँटी-रो’. त्याचा सोबती ‘अँटी-ला’. रो आणि ला ही ज्या रुग्णांच्या रक्तात ती प्रथम सापडली, त्यांच्या नावांची आद्याक्षरं. प्रयोगशाळेत बारीक वाट्यांत ‘रो’ प्रथिनाचा थर देतात आणि त्यावर रुग्णाच्या रक्तातला पिवळसर द्रव सोडतात. प्रतिपिंड असेल तर ते प्रथिनाला चिकटतं आणि पुढच्या रसायनानं रंग उमटतो.

२०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत निदानासाठी किमान ४ गुण लागतात. अँटी-रोला ३ गुण, कोरड्या पट्टीला १. आपाचं निदान असं जुळलं. पण या तपासणीचीही मर्यादा आहे. शोग्रेनच्या बऱ्याच रुग्णांत अँटी-रो सापडतच नाही. मग खालच्या ओठाच्या आतल्या बाजूची चिमूटभर लाळग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यालाही ३ गुण. उलट अँटी-रो ल्यूपसमध्ये आणि क्वचित निरोगी माणसातही सापडतं. लाळग्रंथीतल्या इतर प्रथिनांविरुद्धची, आजार लवकर दाखवतील अशी आशा असलेली नवी प्रतिपिंडंही अमेरिकेत पुढं आली, पण २०१६ च्या निकषांत ती नाहीत. म्हणून नुसता कागद पाहून निदान करू नये.

इतका खटाटोप कशाला? आजार मुळासकट जात नाही. कृत्रिम अश्रू, अश्रू वाहून जाण्याच्या छिद्राला बारीक बूच, सांध्यांसाठी गोळ्या, यांनी तो सुसह्य होतो. पण थोड्या रुग्णांत पुढं लिम्फोमा नावाचा कॅन्सर होतो, तेव्हा नजर ठेवावी लागते. शिवाय अँटी-रो आईच्या रक्तातून गर्भात जातं आणि क्वचित बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात. तरुण मुलीला हे आधी ठाऊक असलं तर गरोदरपणात बाळाच्या हृदयाची वेळीच तपासणी करता येते.

आपानं तो रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून शेताच्या सातबाऱ्याशेजारी ठेवला. मय्यतीला आलेली एक फूफी पुढच्या ईदला घरी आली, तेव्हा शीरखुर्म्याच्या वाटीआधी तिच्या हातात तो कागद दिला.