पाय दमलेत की डोकं?

सुटीचा विषय निघाला, की अमरावतीतल्या आमच्या घरात दोन पार्ट्या पडतात. मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर, म्हणून मला भटकंती हवी. बायको नर्स, तिची अख्खी ड्युटी उभ्यानं.

मागच्या हिवाळ्यात मी हट्टानं अकोला जिल्ह्यातल्या नरनाळा किल्ल्यावर नेलं. महाकाली दरवाजा, नवगजी तोफ, शक्कर तलाव, काही म्हणजे काही सोडलं नाही. मी एकदम फ्रेश! तिचे पाय सुजलेले. परतताना गाडीत ती चकार शब्द बोलली नाही.

यंदा तिनं आधीच बजावलं, "मले खुर्ची पाह्यजे, किल्ला नाई!"

मग चिखलदरा गाठलं. उंची सुमारे १,१०० मीटर, मस्त गारवा, इथल्याच मळ्यांतली कॉफी. सकाळी मी एकटाच गाविलगडावर गेलो, १८०३ मध्ये वेलस्लीनं मराठ्यांकडून जिंकला तोच हा किल्ला. ती व्हरांड्यात, हातात कॉफी. संध्याकाळी पंचबोल पॉइंटवर दोघांनी मिळून दरीत हाका मारल्या.

तेव्हा मंडळी, बुकिंगआधी एकमेकांना विचारा: दमलंय काय? डोकं दमलं असेल तर पायांना काम द्या. पाय दमले असतील तर खुर्ची. उत्तरं वेगळी आली, तर ठिकाण एकच ठेवा, सकाळ आपापली आणि संध्याकाळ दोघांची!