चैत्रातलं हळदीकुंकू आणि बिनविस्तवाची आंबेडाळ

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर हळदीकुंकवाची बोलावणी सुरू होतात. आमच्या पारनेरला तेव्हा ऊन अगदी रणरणतं. तीस-चाळीस बायका यायच्या आणि यजमानीण स्वयंपाकघरात गॅसपुढे घामाघूम, हे काही खरं नाही. म्हणूनच की काय, आपल्या आज्या-पणज्यांनी या दिवसांसाठी न शिजवता होणारी आंबेडाळ शोधून काढली असावी. डाळ भिजवा, वाटा, कैरी घाला, झालं!

पण मैत्रिणींनो, इथेच खरी मेख आहे. शिजवलेल्या पदार्थातले रोगजंतू उष्णतेने बरेचसे मरतात. इथे ती सोय नाही. म्हणजे शिजवण्याचे कष्ट वाचले, ते स्वच्छतेवर खर्च करायचे. आपल्याकडे उन्हाळ्यात कित्येक गावांना टँकरचं पाणी येतं. ते पाणी आधी खळखळून उकळा, गार करा आणि डाळ धुवायला, भिजवायलाही तेच वापरा. कैरी, मिरची, कोथिंबीर, काकडी आणि मिक्सरचं भांडंसुद्धा त्याच पाण्याने धुवा. हे पाणी आदल्या दिवशीच उकळून ठेवलं की ऐनवेळी धावपळ होत नाही.

आता कृती. एक वाटी हरभरा डाळ चार ते पाच तास भिजवा. रात्रभर नको, उकाड्यात डाळीला वास येतो. चाळणीत पूर्ण निथळून पाणी न घालता जाडसर वाटा. वाटतानाच दोन-तीन हिरव्या मिरच्या घाला. मग अर्धी वाटी किसलेली कैरी, चमचाभर साखर, दोन चमचे ओलं खोबरं आणि कोथिंबीर मिसळा. मीठ अगदी वाढायच्या वेळी, नाहीतर पाणी सुटतं. मोहरी, हिंग, हळदीची गार केलेली फोडणी वरून घातली की चव खुलते. तेवढाच काय तो विस्तव! चाळीस जणींना छोट्या वाटीतून द्यायची तर पाऊण किलो डाळ पुरते.

तरुण मुलींना जरा नवीन हवं असतं. त्यांच्यासाठी डाळ बारीक वाटून त्यात थोडा दह्याचा चक्का कालवा. काकडी-गाजराचे लांब तुकडे, भाजलेला पापड किंवा कडक भाकरीचे तुकडे सोबत ठेवा. बुडवून खायला मजा येते. अरबी देशांतलं हम्मस आपल्या काबुली चण्यांचंच, पण तिथे चणे शिजवून तिळाच्या वाटणात घोटतात. कर्नाटकात रामनवमीला भिजवलेली मूगडाळ, काकडी आणि खोबरं घालून कोसंबरी करतात. आपल्या तालुक्यात खरिपाला मूग होतोच, तेव्हा घरच्या मुगाची डाळ असेल तर हीसुद्धा करून बघा.

मात्र सगळीच कडधान्यं अशी चालत नाहीत. राजमा नुसता भिजवून वाटला तर उलट्या-जुलाब होतात. कच्च्या राजम्यात तसं विषारी द्रव्यच असतं. तो भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळ उकळून पुरता शिजवायलाच हवा. मोड आलेले मूग करणार असाल तर गरोदर बाई, लहान मुलं आणि वयस्कर मंडळींसाठी ते वाफवूनच घ्या. मोड यायला लागते ती ऊब आणि ओल जंतूंनाही आवडते.

आता राहिली टिकण्याची गोष्ट. कैरी आंबट आहे म्हणून डाळ टिकेल, या भरवशावर राहू नका. खोबरं तर आधी उतरतं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम आहे, की तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर नाशवंत पदार्थ तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. आपल्याकडे चैत्रात दुपारी पारा याच्या वरच असतो! त्यामुळे सगळी डाळ एकदम बाहेर काढू नका. निम्मी फ्रिजमध्ये ठेवा आणि पहिली संपत आली की दुसरी काढा. बाहेरचं पातेलं बर्फ घातलेल्या परातीत ठेवा. भारनियमनाची वेळ माहीत असेल तर डाळ त्यानंतरच वाटा. भिजवायची वेळही त्या हिशेबाने धरा.

फ्रिजमध्ये उरलेली डाळ संध्याकाळी तेलावर परतून तिची वाटली डाळ करा, घरच्यांना जेवणात होईल. बाहेर राहिलेली मात्र जिवावर येत असलं तरी टाकून द्या.

एवढं सांभाळलं, की कैरीचं पन्हं आणि आंबेडाळीची वाटी हातात घेऊन यजमानीणही गौरीपुढे इतर बायकांबरोबर निवांत गप्पा मारत बसते. तिच्याही घरी चैत्र आलेला असतो, नाही का?